ऊर्जा क्षेत्रातल्या अभियंत्यांना परदेशी प्रशिक्षणाला पाठवून खरंच फायदा होतो का?

होतो, पण नुसत्या वर्गातल्या व्याख्यानांनी नाही. तुर्कस्तानने अक्कुयू अणुवीज प्रकल्पासाठी 2011 पासूनच विद्यार्थी रशियात शिकायला पाठवले. पहिल्या अणुभट्टीचं बांधकाम सुरू झालं 2018 मध्ये. माणसं घडवायला काँक्रीट ओतण्याइतकाच वेळ लागतो, हे त्यांनी ओळखलं.

खरं शिक्षण सिम्युलेटरवर होतं. हुबेहूब नियंत्रण कक्ष, तीच बटणं, तेच दिवे. प्रशिक्षक गुपचूप एक पंप बंद पाडतो, एकदम डझनभर अलार्म वाजू लागतात आणि त्यातला मूळ बिघाड कोणता हे चमूला शांतपणे शोधावं लागतं.

चेर्नोबिलच्या अणुदुर्घटनेनंतर, 1989 मध्ये, जगभरच्या अणुवीज कंपन्यांनी एकमेकांच्या केंद्रांची तपासणी करणारी संघटना उभारली, तीही एकमेकांकडून शिकण्याच्या गरजेतून. परदेशी प्रशिक्षणाचा करार करताना एक अट मात्र घालाच: परतलेल्यांनी इथल्या नवशिक्यांना शिकवायचं.