कंट्री, म्हणजे अमेरिकेतलं ग्रामीण वळणाचं संगीत, गाणाऱ्यांचे उतारवयातले अल्बम नुसते आदरापोटीच ऐकायचे असतात का? एखादा खरंच चांगला सुचवाल?

आदरापोटी ऐकावेत असे बरेच असतात, हे कबूल. आवाज थकलेला, जुनीच गाणी नव्याने म्हटलेली आणि दर दुसऱ्या गाण्यात कुणीतरी तरुण स्टार पाहुणा. पण एकच सांगायचा तर लोरेटा लिनचा 'व्हॅन लिअर रोज' घ्या. २००४ मध्ये तो आला तेव्हा बाई ७२ वर्षांच्या होत्या.

लोरेटा म्हणजे अमेरिकेच्या केंटकी राज्यातल्या कोळसा खाणीत राबणाऱ्या बापाची मुलगी. पंधराव्या वर्षी लग्न, विशीच्या आसपास चार पोरं, आणि हातात नवऱ्याने आणून दिलेली गिटार. पुढे १९७५ मध्ये तिचं गर्भनिरोधक गोळीवरचं गाणं आलं, तर कित्येक रेडिओ स्टेशनांनी ते लावायलाच नकार दिला. तोंडाला कुलूप लावून बसणाऱ्यातली ती कधीच नव्हती.

या अल्बमचा निर्माता जॅक व्हाइट, 'द व्हाइट स्ट्राइप्स' या रॉक जोडगोळीतला, तेव्हा तिशीही न गाठलेला. हे वाचून मी नाक मुरडलं होतं. म्हटलं, झालं, आता आजीबाईंना लेदर जॅकेट घालून मिरवणार! तसं झालं नाही. तेराच्या तेरा गाण्यांच्या लेखनात लोरेटाचा हात आहे, आणि व्हाइटने त्यांना पॉलिश मारायचा मोह टाळलाय. आवाज कुठे खरखरतो, कुठे फाटतो, ते सगळं तसंच ठेवलंय. 'लिटल रेड शूज'मध्ये तर ती गातच नाही. लहानपणीच्या आजारपणाची, आईची आणि लाल बुटांची गोष्ट सांगत बसते, मागे वाद्यं हळूच वाजत राहतात. दुपारी जेवणं झाल्यावर आजी पाय पसरून सांगते ना, अगदी तसं.

'फॅमिली ट्री' मात्र शब्द समजून ऐका. नवऱ्याने दुसरीकडे घरोबा केलाय, आणि ही पोरांना घेऊन थेट त्या बाईच्या दारात उभी. पोरांच्या बापाला बाहेर पाठव, पोरं त्याला भेटायला आलीत, तुझं तोंड बघायला नाही. आपल्याकडे जात्यावरच्या ओव्यांत सवतीला असंच सुनावलेलं सापडतं, त्यामुळे मला ही बाई अमेरिकेतली वाटलीच नाही.

आणि 'मिस बीइंग मिसेस'. नवरा १९९६ मध्ये गेला. संसार काही गोडीगुलाबीचा नव्हता, त्याची दारू आणि बाहेरख्यालीपणा तिने स्वतःच जगाला सांगितलाय. तरी गाण्यात ती एवढंच म्हणते की लग्नाची अंगठी काढली आणि उजव्या हातात घातली. आपल्या सिनेमात अशा वेळी बांगड्या फुटतात, पावसात वीज कडाडते. इथे अंगठी या हातातून त्या हातात जाते आणि सोबतीला नुसती गिटार. मी रात्रीच्या बसमध्ये ऐकत होतो, स्टॉप चुकलो.

सगळंच जमलंय असं नाही. 'हॅव मर्सी'त गिटारींचा गोंगाट मला जरा जास्त वाटतो. 'पोर्टलंड, ओरेगॉन' हे लोरेटा आणि व्हाइटचं द्वंद्वगीत गाजलं खूप. दारूच्या नशेत जुळलेल्या भानगडीचं गाणं, मजा येते. पण अल्बमची जान ते नव्हे.

कंट्री रेडिओने अल्बम फारसा वाजवला नाही, तरी तो कंट्री अल्बमांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेला. २००५ मध्ये दोन ग्रॅमीही मिळाली, एक सर्वोत्कृष्ट कंट्री अल्बमचं आणि दुसरं त्या द्वंद्वगीतासाठी.

सुरुवात 'मिस बीइंग मिसेस'पासून करा, मग 'फॅमिली ट्री', आणि मगच पहिल्यापासून सगळा. तिचा केंटकीचा हेल पहिल्या फेरीत कानाला बसत नाही, तेव्हा गाण्याचे शब्द समोर उघडून ठेवा.