सासू-सासऱ्यांना रॉस बेटाच्या बोटीवर न्यावं की हॉटेलवर ठेवावं?

तुम्ही विचारलंय की अंदमानात पोर्ट ब्लेअरहून (आताचं श्री विजयपुरम) रॉस आणि नॉर्थ बे ही दिवसभराची बोटीची सहल सत्तरीतल्या सासू-सासऱ्यांना झेपेल का, की त्या दिवशी त्यांना हॉटेलवर आराम करू द्यावा. तुमच्या प्रश्नात सासऱ्यांचा रक्तदाब आहे, सासूबाईंचे गुडघे आहेत, दोघांची वयं आहेत. त्या दोघांना जायचंय की नाही, हे मात्र कुठेच नाही. विचारलंत का त्यांना?

रॉसला न्या, नॉर्थ बे सोडा. घाईत असाल तर एवढं उत्तर पुरे. पण 'हॉटेलवर आराम' हे शब्द वाचले आणि मला राहवलं नाही. २०१९च्या जानेवारीत आम्ही नेमकं हेच केलं होतं आणि त्याबद्दल मी अजून स्वतःला माफ केलेलं नाही.

आम्ही नऊ जण होतो. मोठे दीर, जाऊबाई, त्यांची दोन मुलं, आम्ही दोघं, आमची दोन मुलं आणि आई, म्हणजे माझ्या सासूबाई. आईंचा जन्म १९४७चा. आमच्या घरात तो तारखेने सांगत नाहीत, 'रामदास बोट बुडाली त्या सालचा' असा सांगतात. त्या मालवणच्या. माहेरचं घर बंदरापासून हाकेच्या अंतरावर, आणि अंगणातून सिंधुदुर्ग दिसायचा. मी अमरावतीची, समुद्र पहिल्यांदा पाहिला तो लग्न ठरल्यावर. आमच्या दोघींत बोटीला कोण घाबरत असेल ते तुम्हीच ठरवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी रॉस आणि नॉर्थ बे करायचं होतं. आदल्या रात्री जेवताना भावोजींनी जाहीर केलं, "आईला उद्या नको. त्या छोट्या बोटीत चढता-उतरता येणार नाही. ती आराम करेल." आई समोरच बसल्या होत्या, भात कालवत. त्या काही बोलल्या नाहीत. माझे मिस्टर बोलले नाहीत आणि मीही बोलले नाही. सकाळी आम्ही त्यांच्याजवळ पाण्याच्या दोन बाटल्या, बिस्किटं आणि टीव्हीचा रिमोट ठेवून निघालो. मुलांनी टाटा केला. त्या बाल्कनीत उभ्या होत्या.

संध्याकाळी परतलो तेव्हाही त्या बाल्कनीतच. रिमोट जिथे ठेवला होता तिथेच पडलेला. मी विचारलं, कंटाळा आला का? त्यांनी मान न वळवता सांगितलं, "अकरा होडये गेले, नव इले. दोन येवक नाय अजून." दिवसभर त्या धक्क्यावरून सुटणाऱ्या बोटी मोजत बसल्या होत्या. आमची परत आली होती, तरी त्यांची नजर उरलेल्या दोन बोटींच्या वाटेवर होती. अंदमानात अंधार लवकर पडतो, जानेवारीत साडेपाचच्या आतच सूर्य बुडतो. दोन्ही बोटींचे दिवे दिसले तेव्हा कुठे त्या आत येऊन चहाला बसल्या.

त्या रात्री आई आणि मी एकाच खोलीत होतो. तुमच्यासाठी वाईट वाटलं असं मी म्हणाले. त्या म्हणाल्या, "माका कोणी इचारल्यान?" आणि मग त्यांनी मला १९७१ सालची गोष्ट सांगितली. लग्नाला सोळा वर्षं होऊनही ती मला कोणी सांगितली नव्हती.

तेव्हा मुंबईहून कोकणात बोट जायची, भाऊच्या धक्क्यावरून. मालवणला ती किनाऱ्याला लागत नसे. खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं पडावातून, म्हणजे छोट्या होडीतून, तिच्यापर्यंत जायची. पडाव बोटीच्या कुशीला लागला की वरून खलाशी हात द्यायचा, खालून पडाव हाकणारा तांडेल आधार द्यायचा आणि लाटेने पडाव वर उचलला की त्या क्षणी चढायचं. आई बाळंतपणाला माहेरी आल्या होत्या, बाळाला तिसरा महिना लागला आणि गिरगावात परतायची वेळ झाली. हवा जरा खवळलेली होती. त्यांनी बाळाला लुगड्याच्या पदराने पोटाशी घट्ट बांधलं आणि एका हाताने खलाश्याचं मनगट धरून त्या चढल्या. ते बाळ म्हणजे आमचे भावोजी.

मी त्या रात्री झोपले नाही. भावोजींना जाऊन उठवावं असं वाटत होतं. उठवलं नाही, पण शेवटच्या मोकळ्या दिवशी आईंना रॉसला मी एकटी नेणार, हे ठरवून टाकलं.

मधले तीन दिवस हॅवलॉक बेटावर गेले. तिथे जाताना दोन-अडीच तासांची मोठी फेरी असते, त्यात आई आमच्यासोबत आल्या. ही मोठी बोट वेगळी, असं भावोजींचं म्हणणं. वाटेत समुद्र हलला आणि आमच्या कुटुंबातल्या चौघांना ओकाऱ्या झाल्या. पिशव्या पुरवत फिरत होत्या त्या आई.

परतल्यावर बाकीचे बाजारात गेले. आम्ही दोघी ॲबर्डीनच्या धक्क्यावर. आईंनी तिकिटाच्या खिडकीकडे पाहिलंही नाही, आधी पायऱ्यांशी गेल्या. किती पायऱ्या ओल्या आहेत ते पाहिलं आणि म्हणाल्या, ओहोटी लागलीय, आत्ता चढलो तर बोट खाली राहील, शेवाळाच्या पायरीवरून उतरावं लागेल. मालवणात तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा. अंदमानात त्यांनी तो हिशेब धरला नाही, बोटवाल्याला पाणी कधी चढतं ते विचारलं. त्याने सांगितलं त्यानुसार आम्ही उशिराच्या फेरीची तिकिटं काढली. तुमच्यासाठी या सगळ्या उत्तरातली सर्वांत कामाची गोष्ट हीच आहे, म्हणून नीट वाचा. ज्येष्ठांना समुद्र त्रास देत नाही. रॉस धक्क्यावरून जेमतेम पंधरा मिनिटांवर आहे. त्रास होतो तो धक्क्यावरून बोटीत पाऊल टाकताना, आणि तो पाण्याच्या उंचीवर ठरतो. चढत्या पाण्याची फेरी निवडलीत तर बोटीचा काठ पायरीच्या बरोबरीला येतो.

चढताना हात मोकळे हवेत. पर्स गळ्यात आडवी. मागून पट्टा असलेली चप्पल. बोटवाल्याची बोटं धरू नका, मनगट धरा, त्यालाही तुमचं मनगट धरू द्या. बोट वर येताना पाऊल टाकायचं, खाली जाताना कधीच नाही. हे मला आईंनी तिथल्या तिथे शिकवलं. त्या आधी चढल्या आणि मी काठावर थिजून उभी राहिले तेव्हा आतून हात पुढे करून म्हणाल्या, "पाण्याकडे बघू नको. माज्या हाताकडे बघ."

आता रॉसबद्दल. २०१८च्या ३० डिसेंबरला त्याचं नाव नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप झालं, आम्ही गेलो तेव्हा पाट्या नव्या होत्या आणि बोटवाले रॉसच म्हणत होते. आपली मराठी माणसं अंदमानला जातात ती सेल्युलर जेलसाठी. सावरकरांची कोठडी पाहतात, डोळे पुसतात आणि रॉस म्हणजे हरणांसोबत फोटो काढायची जागा असं समजून तासाभरात उरकतात. मला हे पटत नाही. सेल्युलर जेल बांधायला घेतलं १८९६ साली, पूर्ण झालं १९०६ साली. काळं पाणी सुरू झालं ते मार्च १८५८मध्ये, सत्तावनच्या उठावातले दोनशे कैदी घेऊन डॉ. वॉकर आला तेव्हा. रॉसवरचं जंगल त्या कैद्यांनी तोडलं. त्यांनी साफ केलेल्या जमिनीवर साहेबांचे बंगले, चर्च, बेकरी, नाचाचे दिवाणखाने उभे राहिले. १९४१च्या जूनमध्ये मोठा भूकंप झाला, १९४२च्या मार्चमध्ये जपानी आले, आणि त्या वैभवाचं जे उरलं त्याला आता वडा-पिंपळाच्या मुळांनी धरून ठेवलंय. चर्चच्या भिंतीवरून मुळं जाळ्यासारखी उतरलीत. आई बराच वेळ तिथे उभ्या होत्या. म्हणाल्या, आता मूळ काढलं तर भिंत पडेल आणि भिंत पाडली तर झाड.

बेकरीपाशी त्यांनी विचारलं, इथे गोडं पाणी कुठून आणत असतील? हा प्रश्न आमच्या आधीच्या सहलीत कुणालाही पडला नव्हता, मलाही नाही. पुढे पाणी शुद्ध करण्याच्या जागेचे अवशेष दिसले तेव्हा त्यांचं समाधान झालं. मग माडांकडे बघून, एवढे नारळ पाडतं कोण, याची चौकशी तिथल्या माळ्याकडे केली. समोरच्या टेकडीवर सेल्युलर जेल दिसत होतं. आम्ही बाकावर बसून घरून नेलेले लाडू खाल्ले. अडीच तास होतो. आदल्या सहलीत आमच्या गटाला तिथे एक तास मिळाला होता, आणि त्यातली वीस मिनिटं मुलांना गोळा करण्यात गेली होती.

बेटावर बॅटरीवर चालणाऱ्या गाड्या आहेत, सासूबाईंचे गुडघे दुखत असतील तर तीच करा. फक्त पलीकडच्या बाजूला समुद्राकडे उतरणाऱ्या पायऱ्या आहेत, त्या सोडा. बुधवारी रॉस बंद असतं, तेवढं आखणी करताना पाहा.

नॉर्थ बे का सोडा म्हणते? तिथे प्रवाळ आहे, काचेच्या तळाची बोट आहे, पाण्याखाली चालणं आणि डुबकी मारणं आहे. तरुणांनी जरूर जावं. पण ज्यांना पाण्यात उतरायचं नाही त्यांना तिथे तासन्‌तास टपऱ्यांपाशी उन्हात बसावं लागतं आणि पुन्हा एक चढणं-उतरणं वाढतं. जुन्या लालसर वीसच्या नोटेवरचं दृश्य तिथलं, म्हणून लोक हट्टाने जातात. तसं दृश्य माउंट हॅरिएटच्या (आता माउंट मणिपूर) टेकडीवरूनही दिसतं, गाडीने वर जाऊन सासू-सासऱ्यांना तिथून दाखवा. तीन बेटं एका दिवसात विकणाऱ्यांना तर सरळ नाही म्हणा. व्हायपर बेटावर बोट खरंच थांबणार की लांबून फिरवून आणणार, ते आधी विचारा. व्हाइसरॉय लॉर्ड मेयोला मारणाऱ्या शेर अलीला १८७२ साली जिथे फाशी दिलं ती जागा धावत्या बोटीतून बोट दाखवून उरकण्यासारखी नाही.

भावोजींची बाजूही सांगते. त्यांची भीती खोटी नव्हती. २६ जानेवारी २०१४ला याच पाण्यात, रॉस आणि नॉर्थ बेच्या दरम्यान, पर्यटकांची बोट उलटली आणि वीसहून जास्त माणसं गेली. तीत क्षमतेपेक्षा खूप जास्त माणसं भरली होती. म्हणून बोटीवर किती जणांची परवानगी लिहिली आहे ते वाचा, डोकी मोजा, जास्त असतील तर उतरा आणि पैशांचा विचार करू नका. जीवरक्षक जाकीट नुसतं अंगावर टाकायचं नाही, सगळे पट्टे लावायचे. पण ही काळजी घ्यायची ती नऊच्या नऊ जणांची. त्याच बोटीत स्वतःची दोन मुलं बसवायची आणि 'धोका आहे' म्हणून फक्त आईला मागे ठेवायचं, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही नाही. भावोजी म्हणतात मी त्यांना चारचौघांत खाली पाहायला लावलं. मी त्यांना फक्त आईंचा रॉसवरचा फोटो दाखवला होता.

राहिलेलं थोडं. सासऱ्यांचा रक्तदाब गोळीने आटोक्यात असेल तर एवढ्या अंतराला अडचण येऊ नये, पण डॉक्टरांना विचारूनच निघा. हृदयाचं किंवा गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल, चक्कर येत असेल, तर माझं वरचं सगळं बाजूला ठेवा. ओकारीची गोळी बोट सुटायच्या अर्धा-एक तास आधी घ्यायची असते, मळमळ सुरू झाल्यावर नाही. डिसेंबर ते एप्रिल समुद्र शांत असतो, पावसाळ्यात या बोटींच्या भरवशावर राहू नका. आणि त्यांनी स्वतः 'नको' म्हटलं तर तो नकार माना, आग्रहाने ओढून नेऊ नका. तेव्हा त्यांच्याजवळ एक जण थांबा.

आईंना आता अठ्ठ्याहत्तर पूर्ण आहेत. पाऊस संपून होड्या सुरू झाल्या की आम्ही सगळे मालवणला जातोय, सिंधुदुर्गात शिवराजेश्वराच्या दर्शनाला. भावोजींचा परवा फोन आला होता की आई धक्क्यावर खुर्चीत बसेल, आपण जाऊन येऊ. मी फोन आईंच्या हातात दिला.