हणजुणेच्या खडकांतला काळा लोळा

प्रश्न: ताई, ओहोटीला हणजुणेच्या खडकांत मुलाने एक काळा, मऊ लोळा उचलला तर त्याने पांढरे चिकट दोरे सोडले, हाताचे निघता निघेनात. हा काय प्रकार? विषारी असतो का? आणि मुलगा म्हणतो घरच्या टँकमध्ये ठेवूया, चालेल का?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर: वर्णनावरून तरी समुद्रकाकडीच दिसतेय. नाव भाजीचं असलं तरी प्राणी आहे हां, तारामाशाच्या नात्यातला. मेंदू नाही, आणि श्वास घेते ती चक्क गुदद्वारातून पाणी आत ओढून, काही जातींमध्ये तर तिथेच एक बारीक मासा बिऱ्हाड करून राहतो, आता बोला! ते दोरे म्हणजे तिचं हत्यार, खेकडा वगैरे अंगावर आला की त्याला गुंडाळायला सोडते, आणि काही जाती तर घाबरल्या की आतडीच बाहेर टाकतात, ती नंतर परत उगवतात. दोऱ्यांत विषारी द्रव्य असतं पण नुसत्या हाताला लागलं तर सहसा काही होत नाही, साबणाने धुवा, फक्त तो हात डोळ्यांना लावू देऊ नका.

टँकचं मात्र डोक्यातून काढाच. 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत ती 2001 पासून आहे, म्हणजे वाघाच्याच यादीत, पकडणं गुन्हा. पूर्व आशियात सुकवून महाग विकतात म्हणून तस्करी चालते, लक्षद्वीपला तर 2020 मध्ये तिच्यासाठी खास राखीव क्षेत्र केलं. बऱ्याच जाती वाळू खाऊन त्यातलं कुजकं पचवतात नि उरलेली वाळू परत टाकतात, तळ साफ राहतो. मुलाला बघू द्या, फोटो काढू द्या, उचलू नको म्हणावं.