आधी पाणी तपासा, मग पोतं फोडा

आपल्या विदर्भाच्या वाट्याला वणी-चंद्रपूरचा कोळसा आला, तेल नाही. पण बाडमेर, मेहसाणा, अंकलेश्वर, आसाम इथल्या रिगवर, म्हणजे तेलविहिरी खणण्याच्या जागी, आपली पोरं पोती फोडतात, टाक्या भरतात. त्यांचे आणि त्यांच्या घरच्यांचे प्रश्न माझ्याकडे येतात. तेलविहिरीत जाणारा द्रव ड्रिलिंगचा मड (खणताना विहिरीत फिरवतात तो पातळ चिखल) असो, ॲसिड असो की फ्रॅकिंगचं जेल, तो जमिनीवरच्या टाकीत कसा कालवला यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. हे काम हेल्परचं म्हणून हलकं समजतात. मला ते अजिबात पटत नाही.

प्रश्न : सर, मी आयटीआय फिटर. गुजरातमधल्या एका रिगवर मडच्या टाकीवर आहे. बेंटोनाइटची ठरलेली पोती टाकतो, तरी मड पातळच राहतो. वरचे म्हणतात अजून टाक. माझं काय चुकतं? (दारव्हा, जि. यवतमाळ)

अजून पोती टाकण्याआधी पाणी तपासून घे, बाळा. बेंटोनाइट ही फुगणारी माती आहे. तिच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरलं तरच ती फुगते, आणि पाण्यात मीठ किंवा कॅल्शियम जास्त असेल तर ती फुगत नाही, नुसती तळाशी बसते. आपल्याकडे अकोला-दर्यापूरच्या खारपाणपट्ट्यातल्या लोकांना हे वेगळं सांगावं लागत नाही. त्या पाण्यात साबणाला फेस येत नाही आणि डाळ शिजत नाही. तशा पाण्यात बेंटोनाइटही नीट उठणार नाही.

लॅबमधून क्लोराइड, कॅल्शियम आणि पीएच हे तीन आकडे माग. कॅल्शियम जास्त निघालं तर आधी सोडा ॲश (धुण्याचा सोडा) टाकून ते खाली बसवायचं. हिशेब सोपा आहे : जेवढं कॅल्शियम, त्याच्या सुमारे २.६५ पट सोडा ॲश. दहा हजार लिटरच्या टाकीत लिटरमागे २०० मिलिग्रॅम कॅल्शियम असेल तर एकूण दोन किलो कॅल्शियम झालं, म्हणजे साधारण ५.३ किलो सोडा ॲश लागेल. मिठाला मात्र असा इलाज नाही. खारं पाणीच वापरायचं असेल तर बेंटोनाइट वेगळ्या टाकीत गोड्या पाण्यात भिजवायचं आणि फुगल्यावर खाऱ्या मडमध्ये सोडायचं. गोड्या पाण्यात हजार लिटरला ६०-७० किलो चांगलं बेंटोनाइट पुरेसं असतं. त्याला काही तास द्यावे लागतात, रात्रभर मिळाले तर उत्तमच. टाकल्यावर अर्ध्या तासात मोजून ‘पातळ आहे’ म्हणणं म्हणजे त्याला फुगायला वेळच न देणं.

आता हॉपर, म्हणजे पोतं ज्यात ओततोस ते नरसाळं. त्याच्या खालच्या नोझलमधून पाणी जोरात जातं, तिथे दाब घटतो आणि पावडर आत ओढली जाते. पंपाचा दाब कमी असला की ओढ मरते आणि पावडर गळ्यातच चिकटते. त्याच पंपावर दुसरी लाइन चालू असेल तर ती बंद करायला सांग. दोन पोत्यांच्या मध्ये हॉपरखालचा व्हॉल्व्हही बंद ठेव. नाही तर हॉपर हवा ओढत राहतो, मडला फेस येतो, वजन खोटं दिसतं आणि पंप खडखडतो. झँथनसारखं घट्टपणा आणणारं पॉलिमर असेल तर एका पोत्याला दहा-वीस मिनिटं लागली तरी लागू दे. बॅराइट ही जड खनिजाची पूड सगळ्यात शेवटी. ते फक्त वजन वाढवतं, आणि घट्टपणा आधी आलेला नसेल तर त्याला तरंगत ठेवायला मडमध्ये काहीच नसतं.

प्रश्न : तेलविहिरीत गवार वापरतात असं ऐकलं. माझी चार एकर जमीन आहे. त्यासाठी गवार लावावी का? आणि भाजीची गवार तेलात कशाला? (मूर्तिजापूर, जि. अकोला)

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. शेंग नव्हे, बी कामाचं असतं. बियाच्या आतला पांढरा गर दळला की गवार गम मिळतो. फ्रॅकिंगमध्ये प्रचंड दाबाने पाणी सोडून खडकाला भेगा पाडतात आणि त्या मिटू नयेत म्हणून त्यांत वाळू भरतात. साध्या पाण्यातून एवढी वाळू वाहत नाही, खाली बसते. गवार गमने पाणी घट्ट केलं की वाळू तरंगत भेगेत जाते. हजार लिटरला साधारण अडीच ते पाच किलो गम पुरतो.

ते कालवण्यात खरी परीक्षा असते. पाण्यात बेसन एकदम ओतलं की वरून ओल्या, आतून कोरड्या गुठळ्या होतात, तसंच गमचं होतं. गुठळीतली पावडर कधीच भिजत नाही. गम वाया जातो तो जातो, शिवाय त्या गुठळ्या खडकाच्या बारीक छिद्रांत अडकून बसतात, म्हणजे ज्या भेगेसाठी सगळा खटाटोप तिचंच तोंड बंद होतं. म्हणून बऱ्याच ठिकाणी गम आधी डिझेलमध्ये किंवा खनिज तेलात कालवून आणतात. तेलात तो फुगत नाही, दाणे सुटे राहतात, आणि पाण्यात पडले की सगळे एकदम भिजतात. कोरडा गम वापरायचा तर तो वेगाने वाहणाऱ्या पाण्यात बारीक धारेने पडला पाहिजे.

त्यानंतर फुगायला काही मिनिटं लागतात, आणि तेवढ्यासाठी वेगळी हायड्रेशन टाकी असते. आत आडभिंती असतात, त्यामुळे आधी आलेलं पाणी आधी बाहेर पडतं आणि प्रत्येक लिटरला पुरेसा वेळ मिळतो. या टप्प्यावर पाणी उदासीन किंवा किंचित आम्लधर्मी हवं, पीएच ६ ते ७ च्या आसपास. अल्कलीच्या पाण्यात गम फुगतच नाही. पण नंतर बोरेट घालून त्याला जेलीसारखं घट्ट करायचं असतं, आणि त्यासाठी पीएच ९ च्या वर लागतो. म्हणजे आधी फुगवायचं, मग अल्कली, मग बोरेट. हा क्रम उलटला तर कितीही महाग रसायन असलं तरी काम बिघडतं. मग ब्लेंडर या मिसळायच्या यंत्रात स्क्रूने वाळू येते, घनता सतत मोजली जाते, आणि तिथेच ब्रेकरही जातो. काम झाल्यावर जेल पुन्हा पाण्यासारखं पातळ करणारं ते रसायन. ते विसरलं तर जेल भेगेतच राहतं आणि तेलाची वाट अडवतं.

आता तुमच्या चार एकरांचं. भाऊ, या आशेवर लावू नका. जगातली बहुतेक गवार भारतात पिकते आणि भारतातली बहुतेक राजस्थानात. गम काढणाऱ्या गिरण्या, व्यापारी, सगळं जोधपूरच्या बाजूला. अमेरिकेतल्या फ्रॅकिंगमुळे २०११-१२ मध्ये भाव इतका भडकला की मार्च २०१२ मध्ये वायदेबाजारात गवारीचा व्यवहार थांबवावा लागला, आणि तो २०१३ मध्येच पुन्हा सुरू झाला. भाव नंतर उतरलेही. भाजीसाठी जवळचा बाजार असेल तर जरूर लावा. बियासाठी लावायची तर खरेदीदार आधी ठरू द्या, पेरणी मागून.

प्रश्न : माहा पोरगा राजस्थानात तेलाच्या कामावर हाय. फोनवर म्हणते, ॲसिडची टाकी भरतो. मले रातभर झोप येत नाई. त्याले काय सांगू? (नेर, जि. यवतमाळ)

ताई, तुमची काळजी रास्त आहे, म्हणून याचं उत्तर जरा सविस्तर देतो. हे त्याला वाचून दाखवा.

बहुतेक वेळा ते हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. चुनखडीच्या खडकात ते वाट करून देतं. १५ टक्क्यांचं हजार लिटर ॲसिड सुमारे २२० किलो चुनखडी विरघळवतं. टँकरमधून ते ३०-३३ टक्क्यांचं येतं आणि जागेवर पातळ करावं लागतं. ३२ टक्क्यांपासून १५ टक्क्यांचं हजार लिटर करायचं तर अंदाजे ५७० लिटर पाणी आणि ४३५ लिटर ॲसिड. टाकीत आधी पाणी, त्यात गंज रोखणारं रसायन, आणि मग हळूहळू ॲसिड. ॲसिडवर पाणी कधीच ओतायचं नाही. उष्णता एकदम निघते आणि ॲसिड उसळून अंगावर येतं. कॉस्टिक सोड्याचंही तसंच : पाण्यात सोडा, सोड्यावर पाणी नाही. तो हॉपरमधून टाकायचाच नाही, वेगळ्या ड्रममध्ये विरघळवून सोडायचा.

टाकी आतून रबराची हवी. टाकी साध्या लोखंडाची असली तर ॲसिड तिला खातं आणि हायड्रोजन वायू सुटतो. जवळ ठिणगी पडली तर पेट घेतो. टाकीत जुना काळा गाळ, म्हणजे लोखंडाचा सल्फाइड असेल तर त्याहून वाईट : ॲसिड लागताच हायड्रोजन सल्फाइड निघतो. सुरुवातीला त्याला सडक्या अंड्यांचा वास येतो, पण प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं आणि वास गेल्यासारखा वाटतो. त्यामुळे नाकावर भरवसा ठेवायचा नाही, छातीवर, नाकातोंडाजवळ गॅस डिटेक्टर असलाच पाहिजे.

मुलाला चार गोष्टी विचारा. पूर्ण चेहऱ्याची ढाल, ॲसिडचे हातमोजे आणि ॲप्रन मिळतात का? टाकीच्या जवळ पाण्याचा शॉवर आणि डोळे धुवायची सोय आहे का, आणि आज सकाळी त्यातून पाणी येतं हे कोणी पाहिलं का? रिकामी टाकी धुवायला आत उतरवतात का? उतरवत असतील तर हवा तपासून, लेखी परवाना घेऊन आणि बाहेर एक माणूस ठेवूनच. आणि त्या ॲसिडमध्ये हायड्रोफ्लोरिक आहे का? वाळूखडकात ते वापरतात. ते थोडं लागलं तर लगेच दुखतही नाही, पण आत हाडापर्यंत जातं. तिथे कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल हाताशी असावंच लागतं. अंगावर काहीही उडालं तर आधी निदान पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली, धावपळ आणि फोन नंतर.

यातली सुरक्षेची एक जरी सोय नसेल तर काम थांबवायचा त्याला पूर्ण हक्क आहे. त्यासाठी कोणी रागावलं तरी चालेल.

प्रश्न : मग आमच्या बोअरमध्ये ॲसिड टाकलं तर पाणी वाढेल का? एक जण पैसे मागतो आहे. (कारंजा, जि. वाशिम)

नका टाकू. आपला काळा बेसाल्ट हायड्रोक्लोरिकने चुन्यासारखा विरघळत नाही, त्यामुळे खडकात नवी वाट होणार नाही. शिवाय प्यायचं पाणी आणि बोअरचा केसिंग पाइप दोन्ही खराब होतील. जाळीच्या नळकूपांवर चुन्याचा थर बसला असेल तर ॲसिडचा उपयोग होतो, पण ते जाणकार माणसाने, मोजून आणि नंतर पूर्ण उपसा करून करायचं काम आहे.

प्रश्न : मी सिमेंट कारखान्यात आहे. विहिरीत आमचंच सिमेंट जातं का? काँक्रीटसारखं कालवतात का? (राजुरा, जि. चंद्रपूर)

घरबांधणीचं नाही. विहिरीतला पाइप आणि खडक यांच्यातली फट बुजवायला खास तेलविहिरीचं, बहुधा क्लास जी सिमेंट. त्यात खडी-वाळू नसते. ५० किलोला २२ लिटर पाणी, आणि गाऱ्याची घनता पाण्याच्या १.९० पट यायला हवी. सिमेंट हवेच्या दाबाने येतं, मिक्सरमध्ये फिरत फिरत कालवलं जातं आणि लगेच पंपात जातं. घनता १.८० दाखवत असेल तर पाणी जास्त झालं. तसं सिमेंट कमजोर राहतं आणि वायूला वर यायला जागा देतं.

प्रश्न : पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाला आहे. टाकीतला ॲजिटेटर (ढवळणारं पातं) जितका जोरात, तितकं मिश्रण चांगलं, बरोबर ना? (अमरावती)

बेंटोनाइटसारख्या मातीसाठी बव्हंशी बरोबर, पॉलिमरसाठी नाही. बाडमेरच्या मंगला तेलक्षेत्रात खडकातलं तेल पुढे ढकलण्यासाठी पाण्यात पॉलिॲक्रिलमाइड मिसळून सोडतात. त्याचे रेणू फार लांब असतात आणि घट्टपणा त्या लांबीतूनच येतो. जोरदार पाते, अरुंद व्हॉल्व्ह, वेगवान सेंट्रिफ्यूगल पंप यांनी ते तुटतात आणि तुटलेले पुन्हा जुळत नाहीत. म्हणून पावडर भिजतानाचे पहिले काही क्षण जोर हवा, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. त्यानंतर मोठ्या टाकीत संथपणे ढवळत तासभर मुरू द्यायचं. आधी दाट द्रावण करतात, मग ते पाण्यात पातळ करतात.

तुला या कामात यायचं असेल तर एकके पाठ कर. रिगवर बॅरल, गॅलन, पाउंड चालतात : एक बॅरल १५९ लिटर, अमेरिकी गॅलन ३.७८५ लिटर, गोडं पाणी गॅलनला ८.३३ पाउंड. मार्श फनेल (मड किती घट्ट ते मोजायचं नरसाळं) हातात आली की मड मोजण्याआधी तिच्यात साधं पाणी घाल. २१ अंश सेल्सिअसच्या आसपास ९४६ मिलिलिटर पाणी उतरायला २६ सेकंद लागायला हवेत. जास्त लागले तर नळी घाण आहे, कमी लागले तर झिजली आहे. अशा फनेलने मड मोजू नकोस.