30 वर्षं जुनी, 36 फुटी मोटर यॉट घेतोय, जोड डिझेल इंजिनं, मुंबई बंदरात मूरिंगवर (पाण्यातच बांधलेली). पुढची डेक पायाखाली थोडी दबते. वरून फायबरचे तीन थर मारून भागेल का? की आधी इंजिनाचं बघू?

नाही भागणार. ज्याने हे सुचवलंय त्याने स्वतःच्या बोटीवर ते कधी केलेलं नसणार, पैजेवर सांगतो.

माझ्या बोटीच्या आधीच्या मालकाने पुढच्या डेकवर नेमके हेच तीन थर मारून घेतले होते. गोदीतला फायबरचा मिस्त्री मला म्हणाला, "अजून दोन मारू, दगड होईल." त्याच्याशी माझा वाद अजून मिटलेला नाही, म्हणून हिशेबच मांडतो.

450 ग्रॅमच्या (चौरस मीटरला) काचधाग्याच्या मॅटचा एक थर भरतो जेमतेम 1 मिमी. तीन थर म्हणजे 3 मिमी, आणि चौरस मीटरला साडेचार किलोच्या आसपास वजन, तेही बोटीच्या वरच्या भागात. अशी डेक म्हणजे फायबरच्या दोन पातळ स्किन आणि मध्ये बाल्सा या हलक्या लाकडाचा कोर. तिचा ताठपणा फायबरच्या जाडीत नसतो, दोन स्किनमधल्या अंतरात असतो. 7 मिमी फायबर सलग ठेवलं आणि तेच 7 मिमी दोन भागांत करून मध्ये 12 मिमी बाल्सा चिकटवला, तर दुसऱ्याचा ताठपणा पहिल्याच्या साधारण पंधरापट होतो. बाल्सा कुजून स्किनपासून सुटला की ही पंधरापट गेली. वरून थर चढवून तुम्ही पहिल्या आकड्यात भर घालता, दुसरा परत मिळत नाही. शिवाय पाणी आतच कोंडतं. माझ्याकडची स्किन उचलली तेव्हा खालचा बाल्सा ओल्या चहाच्या चोथ्यासारखा हाताला लागत होता, आणि जुन्या पॉलिस्टर रेझिनवर मारलेली नवी मॅट एका कोपऱ्याला पटाशी लावताच सलग सोलून आली. जुन्या, घट्ट झालेल्या पॉलिस्टरवर ताजं पॉलिस्टर रासायनिक जोड धरत नाही, फक्त घासकामाच्या ओरखड्यांना पकडून राहतं. तिथे घासलंच नव्हतं.

आता काम. आधी हद्द ठरवा. प्लॅस्टिकच्या डोक्याची हातोडी घेऊन दर 5 सेंमीवर ठोका. चांगल्या जागी टणक, वर चढणारा आवाज येतो, कुजलेल्या जागी भद्द. पेन्सिलीने रेघ ओढत जा. मॉइश्चर मीटरवर एकट्यावर विसंबू नका. पृष्ठभागावर मीठ असेल किंवा खाली धातूची टाकी असेल तर तो खोटं बोलतो. खात्री केबिनच्या छताकडून करायची: अस्तर काढा, ड्रिलला टेपची खूण बांधा म्हणजे वरची स्किन फुटणार नाही, आणि 5 मिमीची भोकं पाडून भुसा बघा. फिकट, कोरडा असेल तर ठीक. तपकिरी, दमट असेल तर रेघेच्या बाहेर अजून 10 सेंमी पुढे सरका. पाणी शिरतं क्लीट (दोर बांधायचे खुंट), रेलिंगचे खांब, हॅच (डेकवरची झडप) यांच्या बोल्टमधून, म्हणून नरम पट्टा जवळपास नेहमीच एखाद्या फिटिंगपासून सुरू होतो.

भोकं पाडून आत पातळ इपॉक्सी (पॉलिस्टरपेक्षा वेगळं, दोन घटकांचं रेझिन) सोडायची युक्तीही तुम्हाला कुणीतरी सांगेल. बाल्साचे रेषे उभे असतात, त्यामुळे इपॉक्सी भोकाच्या आजूबाजूला मुरते आणि आडवी फारशी पसरत नाही. आणि ओल्या लाकडाला ती धरत नाही.

वरची स्किन कापताना ब्लेडची खोली स्किनपुरतीच ठेवा, बहुतेक ठिकाणी 3 ते 5 मिमी. कडेला किमान 60 मिमीची पट्टी जागच्या जागी सोडा, त्यावर पुढचा जोड बसतो. झाकण अखंड निघालं आणि वाकडं झालं नाही तर तेच परत वापरता येतं. खालची स्किन पूर्ण खरवडून, वाळवून 40 नंबरच्या कागदाने घासा, ॲसिटोनने पुसा.

कोर म्हणून बंद पेशींचा पीव्हीसी फोम, घनमीटरला 80 किलोचा, जुन्या बाल्साइतक्याच जाडीचा घ्या. मिस्त्री मरीन प्लाय टाका म्हणेल. त्यातला गोंद उकळत्या पाण्यात टिकतो, मान्य. पण भोकातून शिरलेलं पाणी लाकडाच्या थरांमधून सरकत जातंच. क्लीट, विंडलास (नांगर ओढायचं यंत्र) यांच्या खाली फोमही नको, दाबाने तो चिरडतो. तिथे जी-10 ची (काचधागा-इपॉक्सीची तयार) पाटी किंवा सलग फायबर. फोमला आधी साधी इपॉक्सी पाजा, मग कोलॉयडल सिलिका (घट्ट करायची बारीक पूड) घालून घट्ट केलेली इपॉक्सी खाचांच्या थापीने दोन्ही बाजूंना पसरा आणि वाळूच्या पिशव्यांचं वजन सगळीकडे सारखं ठेवा. हवा राहिली तर तिथे उद्या परत भद्द आवाज. झाकणाची आणि पट्टीची कड 12 ला 1 अशी उतरती घासायची, म्हणजे 4 मिमी स्किनला दोन्हीकडे 48 मिमी उतार. त्यात 600 ग्रॅमचं बायॲक्सियल (दोन दिशांना धागे असलेलं) कापड, साधारण पाच थर. नेहमीची चॉप्ड (तुटक धाग्यांची) मॅट इपॉक्सीबरोबर वापरू नका. तिचे धागे धरून ठेवणारा बाइंडर विरघळायला पॉलिस्टरमधलं स्टायरीन लागतं, ते इपॉक्सीत नसतं. झाकण परत वापरता आलं नाही आणि पूर्ण स्किन नव्याने घडवावी लागली, तर चौरस मीटरला 4 ते 5 किलो इपॉक्सी धरा. खर्चाचा अंदाज इथून तुम्हीच काढा, दर पुरवठादाराप्रमाणे बदलतात.

आणि सगळ्यात जास्त कामं जिथे बिघडतात ती गोष्ट. आपल्या मिस्त्रींचा हात पॉलिस्टरवर बसलेला असतो. तिथे गरमी-थंडी बघून कॅटॅलिस्ट 1 ते 2 टक्क्यांत कमी-जास्त करतात, ते बरोबरच आहे. इपॉक्सीत हे चालत नाही. हार्डनर हा त्या पदार्थाचाच दुसरा घटक आहे, तो मोजून ठरल्या प्रमाणातच लागतो. जास्त घातला की ती कायमची मऊ, चिकट राहते. मुंबईच्या मे महिन्यात स्लो हार्डनर घ्या, एका वेळी 200 मिलीपेक्षा जास्त कालवू नका, आणि लगेच पसरट ट्रेमध्ये ओता. मगात ठेवली तर स्वतःच्याच उष्णतेने धूर काढते. काम दुपारी चारनंतर, डेक निवायला लागली की. सकाळी केलं तर तापत्या डेकमधली हवा फुगून बुडबुडे काढते. दुसऱ्या दिवशी घासण्याआधी पाणी आणि स्क्रबरने धुवा. दमट हवेत वर मेणचट थर येतो, तो न धुता घासलात तर कागदच माखतो. वरून जेलकोट (बोटीचा वरचा रंगीत थर) नको, पॉलिस्टर जेलकोट इपॉक्सीवर नीट वाळेल याची खात्री नसते. दोन घटकांचा पॉलियुरेथेन रंग लावा, पांढराच. जूनआधी झालं नाही तर तंबू बांधून थांबा, पावसात लॅमिनेशन करू नका.

फिटिंग परत बसवताना: 8 मिमी बोल्टला 16 मिमीचं भोक, आतला कोर थोडा उकरून घट्ट इपॉक्सीने भरा, वाळल्यावर मधोमध 8 मिमी पाडा. खाली बॅकिंग प्लेट, वर ब्युटिल टेप (पाणी अडवणारी चिकट रबरी पट्टी). आता बोल्ट गळला तरी पाणी कोरपर्यंत जात नाही. आधीच्या मालकाने एवढंच केलं असतं तर त्याला ते तीन थर मारावेच लागले नसते.

इंजिनाचं विचारलंत. थोडक्यात: समुद्राच्या पाण्याच्या पंपाचा रबरी इम्पेलर बदला, आणि पाती तुटलेली निघाली तर तुकडे हीट एक्स्चेंजरमध्ये शोधा. एक्झॉस्टचा एल्बो सोडवून आतून बघा, तो आतूनच खाल्ला जातो आणि बाहेरून चकचकीत दिसतो. तळातले सीकॉक (बोटीच्या तळातून पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या तोट्या) खरवडून पाहा. लालसर-गुलाबी रंग आला तर ते पितळ आहे आणि त्यातलं झिंक निघून गेलंय, तुटायच्या आत ब्राँझचे बसवा. गंज स्वतःवर घेणारा झिंकचा ठोकळा (ॲनोड) अर्धा झिजला की बदला. बोट बुडवू शकेल ते सगळं आधी, डेक नंतर. त्यामुळे तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर "हो, आधी इंजिन आणि सीकॉक" असंच आहे.

आणखी एक: हे सगळं डेकपुरतं. तळातले स्ट्रिंगर (लांबीभर जाणारे आधार) किंवा इंजिनाचे पाट कुजलेले असतील तर हे घरचं काम राहत नाही. फायबर घासताना कागदी मास्क पुरत नाही, पी-100 फिल्टरचा लावा. आणि सौदा करण्याआधी विकणाऱ्याने केबिनच्या छतातून चार भोकं पाडू दिली नाहीत, तर बोट घेऊ नका.