ताई, त्यांना घरात कोंडू नका

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मिस्टर रोज दारूची क्वार्टर घेतात. हल्ली सकाळी हात थरथरतात म्हणून चहाच्या आधी दोन घोट लागतातच. पूर्वी श्रावण कडक पाळायचे, गेली दोन वर्षं तोही पाळला गेला नाही. आता दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही आणि दीर मिळून त्यांना आठ दिवस खोलीत ठेवणार, थेंब मिळू देणार नाही, आणि जाहिरातीतली दारू सोडवायची पावडर गुपचूप आमटीतून देणार. ताई, यातलं काहीही करू नका, हात जोडून सांगतो.

मी एसटीत कंडक्टर होतो. 2006 साली माझ्या घरच्यांनी हेच केलं, मायेपोटीच केलं. पहिला दिवस घाम आणि उलट्यांत गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी फिट आली, कॉटवरून खाली पडलो, जीभ चावली गेली. घरच्यांना वाटलं, पोटात अन्न नाही म्हणून झालं. तिसऱ्या रात्री मी खोलीभर फिरत तिकिटं फाडत होतो. हातात चिमटा नव्हता, तरी बोटं दाबून पंच मारत होतो, भिंतीकडे सुट्टे मागत होतो, मधेच चादरीवरच्या मुंग्या झटकत होतो. मुंगी एकही नव्हती. मला यातलं काही आठवत नाही, बायकोने नंतर सांगितलं. पहाटे शेजाऱ्याच्या रिक्षातून दवाखान्यात नेलं तेव्हा अंग तापाने फणफणलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, शेवटची कधी घेतली? बायको म्हणाली, तीन दिवस झाले, सोडलीय त्यांनी. तिला वाटत होतं आपण चांगली बातमी सांगतोय.

याला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. दारू मेंदूला रोज मंद करते, म्हणून मेंदू तिच्याविरुद्ध जोर लावून काम करायला शिकतो. दारू एकदम काढली की तो जोर तसाच राहतो. फिट येते ती साधारण पहिल्या 6 ते 48 तासांत, आणि भ्रम होतो तो दुसऱ्या ते चौथ्या दिवसात. उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावतो. सगळ्यांनाच हे होत नाही, पण ज्याचे सकाळी हात थरथरतात आणि दोन घोटांनी थांबतात, त्याचं शरीर दारूला बांधलं गेलंय असं धरूनच चालायचं. तुमच्या मिस्टरांचं तसंच दिसतंय.

'एकच तर क्वार्टर' असं दीर म्हणतात ना? 180 मिलीची बाटली, त्यात 42.8 टक्के अल्कोहोल, म्हणजे जवळजवळ 60 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल रोज पोटात. ज्या मापाने डॉक्टर मोजतात त्यात हे सहा पेग झाले. लिव्हरचं सगळ्यांना माहीत असतं, पण तोंडाचा, अन्ननलिकेचा कॅन्सरही यातून होतो.

तर करायचं काय? जिल्हा रुग्णालयात किंवा मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार विभागात न्या. रोज किती, किती वर्षं, शेवटची कधी, हे खरं सांगा. पूर्वी कधी फिट आली असेल तर तेही सांगा. तिथे थरथर आणि फिट रोखणारी औषधं देतात आणि हळूहळू कमी करतात. बी-1 व्हिटॅमिन देतात, ते फार महत्त्वाचं. रोज पिणाऱ्याच्या अंगात ते उरलेलं नसतं, आणि ते न देता नुसतं ग्लुकोजचं सलाईन चढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. म्हणून गल्लीतल्या दवाखान्यात 'अशक्तपणा आलाय, सलाईन लावा' म्हणू नका. आणि हे फक्त आत्तापुरतं नाही. उद्या पाय मोडून ऑपरेशनला दाखल करायची वेळ आली तरी दारू लपवू नका. लाजेने घरचे बोलत नाहीत आणि तिसऱ्या दिवशी पेशंट वॉर्डात सुया उपटत सुटतो. मी हे डोळ्यांनी पाहिलंय.

त्या पावडरीत काय आहे हे कोणालाच ठाऊक नसतं. डायसल्फिरम नावाचं खरं औषध आहे, त्यावर दारू घेतली की चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, बीपी एकदम खाली येतं. ते माणसाला सांगून, त्याच्या संमतीनेच द्यायचं असतं, कारण न सांगता दिलं आणि तो प्यायला तर जीव जाऊ शकतो. आणि कळलं की पुढे तुमच्या हातचं पाणीही तो घेणार नाही. तलफ कमी करणारी दुसरी औषधं आहेत, ती डॉक्टरांना विचारा.

आठवडाभरात शरीर सावरतं. खरं काम त्यानंतरचं. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी 1986 साली सुरू केलेलं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे, तिथे राहून उपचार घेता येतात. जवळचं दुसरं केंद्र बघितलंत तर नोंदणी विचारा, आत जाऊन पाहा. मारहाण, साखळ्या दिसल्या तर उलट पावली परत या, 2017च्या कायद्याने साखळीने बांधायला बंदी आहे. मला दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यायच्या गटाने, अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसने धरून ठेवलं. फी नाही, आडनाव विचारत नाहीत. सात महिन्यांनी चुलतभावाच्या हळदीत घसरलो, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा मीटिंगला जाऊन बसलो, कोणी एक शब्द टोचून बोललं नाही. तुमचे मिस्टर घसरले तर त्या दिवशी त्यांना परत डॉक्टरांकडे न्या, माहेरी निरोप धाडू नका.

बोलायचं ते सकाळी, ते शुद्धीत असताना, आणि दीर नसताना. 14446 हा व्यसनमुक्तीचा सरकारी नंबर आहे, आधी तुम्ही एकट्याने फोन केलात तरी चालतो. तोवर घरातली बाटली बेसिनमध्ये ओतू नका.

तुमचा प्रश्न बायकोलाही वाचून दाखवला. ती म्हणाली, त्या ताईंना विचारा, रात्री झोप लागते का त्यांना. ती स्वतः इतकी वर्षं अल्-अ‍ॅनॉनला जाते, पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी असतं ते. मिस्टर तयार होवोत न होवोत, तुम्ही जाऊ शकता. गाव कळवलंत तर तिथली मीटिंग कुठल्या वारी असते ते ती विचारून ठेवेल.