वाचक विचारतात : औषधांचे कोड बदलताना

प्रश्न : देवगडला आमचं मेडिकल आहे. बिलिंगच्या संगणकात सगळी औषधं १३ अंकी बारकोडवर चढवलेली आहेत. आता पट्ट्यांवर, खोक्यांवर क्यूआर आणि चौकोनी ठिपक्यांचे कोड येतायत. जुना माल संपायच्या आत नवा येतो. काय तयारी करावी?

उत्तर : जुना कोड पुसून त्या जागी नवा मात्र लिहू नका. जुनं आणि नवं पॅकिंग बरेच महिने एकाच फळीवर राहणार, म्हणून एका औषधाला दोन-तीन कोड जोडायची सोय सॉफ्टवेअरवाल्याकडून करून घ्या.

कोडचा रकाना १४ अंकी आणि ‘टेक्स्ट’ हवा. १३ अंकी बारकोडच्या पुढे शून्य लावलं की १४ अंकी जीटीआयएन (वस्तूचा जागतिक ओळख क्रमांक) होतो : ८९०१२३४५६७८९० चा ०८९०१२३४५६७८९०. रकाना आकड्यांचा ठेवलात तर एक्सेल ते शून्य गिळतं आणि पुढे स्कॅन जुळत नाही. पुढे शून्याऐवजी १ ते ८ पैकी अंक दिसला तर तो मोठ्या पॅकचा कोड. सर्वांत महाग पडणारी चूक इथेच होते. दहा पट्ट्यांच्या खोक्याचा कोड पट्टी म्हणून चढला की साठा दहापट चुकतो.

लाल रेघेचा लेझर स्कॅनर ठिपके वाचत नाही, टूडी स्कॅनर लागेल. घेण्याआधी दुकानातली चंदेरी पट्टी आणि एखादं खोकं त्यावर वाचून बघा. जीएस१ (बारकोडचे नियम ठरवणारी जागतिक संस्था) पद्धतीच्या कोडमध्ये ०१ नंतर जीटीआयएन, १७ नंतर एक्सपायरी, १० नंतर बॅच येते. १७२८०३०० म्हणजे मार्च २०२८ अखेर. शेवटचे दोन शून्य दिवसाच्या जागी आहेत, तिथे काही सॉफ्टवेअर तारीख चुकीची म्हणून अडतात. बॅचची लांबी ठरलेली नसते, त्यामुळे तिच्यापुढे आणखी माहिती असेल तर मध्ये न दिसणारं विभाजक चिन्ह असतं. स्कॅनरने ते गाळलं की बॅच आणि सिरियल नंबर एकमेकांना चिकटतात. स्कॅनरच्या सेटिंगमध्ये हे चिन्ह पाठवणं चालू करून घ्या.

१ ऑगस्ट २०२३ पासून औषध नियमांच्या एच-२ परिशिष्टात यादी दिलेल्या ३०० ब्रँडवर बारकोड किंवा क्यूआर सक्तीचा आहे. बॅच, एक्सपायरी, परवाना क्रमांक अशी माहिती त्यात असते. पट्टीवर जागा नसेल तर तो खोक्यावर चालतो. काही कोड नुसतं संकेतस्थळ उघडतात, ते बिलिंगला उपयोगाचे नाहीत. यादीबाहेरच्या औषधावर कोड नाही म्हणून ते बनावट ठरत नाही.

आणि पट्टी कापताना बॅच-एक्सपायरी छापलेलं टोक शेवटपर्यंत राखा. कोड कोणताही येवो, माल परत बोलावला गेला तर शोध बॅचवरूनच लागतो.

प्रश्न : खेड तालुक्यातल्या कारखान्यात अमेरिकेला जाणाऱ्या औषधांची लेबलं बघतो. तिथला एनडीसी (औषधाचा राष्ट्रीय ओळख क्रमांक) १२ अंकी होणार म्हणतात. लेबलवर नेमकं काय बदलेल?

उत्तर : आजचा एनडीसी १० अंकी, पण मांडणी तीन प्रकारची : ४-४-२, ५-३-२ किंवा ५-४-१. अमेरिकेच्या एफडीएने (औषध नियंत्रक संस्थेने) २०२२ मध्ये सगळ्यांसाठी ६-४-२ अशी एकच मांडणी सुचवली. कमी पडेल त्या भागाच्या पुढे शून्य लागतं, म्हणजे १२३४-५६७८-९० चा ००१२३४-५६७८-९०. तुमच्या मास्टर यादीत रेघा गाळून सलग १० अंक ठेवले असतील तर शून्य कुठे घालायचं ते कळणारच नाही. आजच रेघांसह यादी करा.

खरी अडचण बारकोडची आहे. आज जीटीआयएनमध्ये पॅकिंगच्या पातळीचा अंक, मग ०३, मग १० अंकी एनडीसी आणि शेवटी तपास अंक (आधीचे अंक बरोबर आहेत का ते पडताळणारा) बसतो. तिथे १२ अंकांना जागाच नाही. म्हणून छापील एनडीसी आणि जीटीआयएन हे डेटाबेसमध्ये दोन वेगळे रकाने करा, एकातून दुसरा काढणारं सूत्र कुठे दडलंय ते शोधा, आणि आर्टवर्कमध्ये (लेबलच्या छपाईच्या मांडणीत) दोन जादा अंकांची जागा सर्वांत लहान व्हायलच्या लेबलवर आधी मोजून बघा.